म्हणे, प्रत्येक फोनमध्ये एफएम असतंच, फक्त 'लॉक' केलंय!

आत्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये एफएम असतंच, आपला डेटा खर्च व्हावा म्हणून कंपन्यांनी ते लॉक केलंय, सरकारने २०२३ मध्ये ते सक्तीचं केलंय, आणि खालच्या लिंकवरची फाइल टाकली की लॉक उघडतं! वर 'पुणेकरांनो, पुढे पाठवा'.

आधी ती लिंक, कारण कोथरूडमध्ये आत्या फाइल टाकायच्या बेतात होती. प्ले स्टोअरबाहेरची ही फाइल एसएमएस वाचायची परवानगी मागते. अगं आत्या, विविध भारती लावायला तुझे एसएमएस कशाला लागतात? बँकेचा ओटीपी त्यातच येतो ना? रेडिओचं अ‍ॅप म्हणजे नुसतं बटण. आत रिसीव्हरची जोडणीच नसेल तर ते दाबून काय वाजणार, कपाळ?

आता 'असतंच' बद्दल. २०१७ मध्ये चक्रीवादळांनंतर अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अजित पै यांनी अ‍ॅपलला जाहीरपणे सांगितलं, आयफोनमधलं एफएम सुरू करा. अ‍ॅपलचं उत्तर: आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिपही नाही आणि त्यासाठीचा अँटेनाही नाही. खुद्द बनवणाराच नाही म्हणतोय, तिथे ग्रुपवरचे काका काय उघडणार?

अँटेना हीच खरी मेख आहे. एफएमची शंभर मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर तीन मीटर लांब, आणि ती नीट पकडायला तिच्या पाव हिश्शाएवढी, म्हणजे साधारण पाऊण मीटर तार हवी. ती फोनमध्ये मावत नाही, म्हणून इअरफोनची वायरच अँटेना व्हायची. जुन्या फोनवर 'हेडफोन लावा' अशी सूचना यायची ती यासाठीच. पुढे इअरफोनची गोल पिनच गेली, लोक ब्लूटूथवर आले. त्या बोंडांना कुठली आलीय वायर?

बरं, एक कबूल. वाय-फाय आणि ब्लूटूथच्या काही चिपमध्ये एफएमचा भागही असतो आणि कंपन्या तो जोडत नाहीत किंवा बंद ठेवतात. हा कद्रूपणाच. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने मोबाइल उद्योगाच्या संघटनांना कळवलं ते हेच, की सोय असेल तिथे बंद करू नका. पण ती सूचना होती, सक्ती नव्हे.

डेटाच्या कटाचं म्हणाल, तर डेटा विकणाऱ्या जिओनेच आपल्या जिओफोनमध्ये एफएम दिलं होतं. पुढे बोलायलाच नको.

आत्याच्या फोनमध्ये एफएम नाही. तिला तपकीर गल्लीतून छोटा ट्रान्झिस्टर आणून दिलाय. त्यावर एफएम १०१ वरची विविध भारती तर लागतेच, शिवाय मीडियम वेव्हवर ७९२ ला आकाशवाणी पुणेही लागतं, जे फोनच्या एफएमवर कधीच लागलं नसतं.