गोव्यातल्या साखळी गावी काढलेल्या दोन फिल्म रोलांबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार भाई,

तुमची तक्रार काल रात्री वाचली. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीत, विठ्ठलापूरच्या घाटावर काढलेले प्रोव्हिया १००एफ या स्लाइड फिल्मचे दोन रोल तुम्ही आमच्याकडे दोन स्टॉप पुश करायला, म्हणजे उजेड कमी पडला म्हणून जास्त वेळ डेव्हलप करायला दिलेत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड), त्याचे जादा पैसेही भरलेत. हाती आलं काय, तर काळ्याच्या जागी मातकट रंग, नारिंगी तोंडं, आणि काठावरची माणसं अंधारात गडप. ‘लॅबने फिल्म भाजली’ असं तुम्ही लिहिलंय. वाळवंटी नदीत नौका सोडायची रात्र वर्षातून एकदाच येते, म्हणून राग यायलाच हवा. आज दुकान उघडल्याबरोबर दोन्ही रोल लाइट टेबलवर घेतले आणि एकेक फ्रेम भिंगाखाली पाहिली.

आधी आमच्या चुका. तुम्ही पाहिलेत ते फोनवर पाठवलेले स्कॅन. ते करताना स्कॅनर ऑटोवर राहिला आणि त्याने अंधार ओढून उजळ केला. मातकटपणाचा बराचसा भाग तिथला आहे. स्लाइडमधला काळा इतका वाईट नाही. दुसरी चूक जास्त मोठी. दोन्ही रोल आम्ही एकाच टाकीत घातले. आधी एकाचा तुकडा कापून क्लिप टेस्ट करायला हवी होती, ती बघून दुसऱ्याची वेळ ठरवता आली असती. काउंटरवर तुम्हाला कुणी विचारलंही नाही की उजेड मोजायचा मीटर कशावर धरलात. हे विचारणं आमचं काम होतं.

पण फिल्म भाजली गेलेली नाही, हे मला ठामपणे सांगायला हवं. त्याच रोलांवर दिव्यांनी उजळलेल्या नौकांच्या आठ-दहा फ्रेम सुंदर आल्यात. रसायन किंवा तापमान बिघडलं असतं तर त्याही गेल्या असत्या.

स्लाइडचा हिशेब उलटा असतो. जिथे उजेड पडला तिथली चांदी पहिल्या डेव्हलपरमध्ये काळी होते, आणि उरलेल्या चांदीच्या जागी पुढे रंग तयार होतो. साध्या ई-६ मध्ये, म्हणजे स्लाइड डेव्हलप करायच्या नेहमीच्या पद्धतीत, हा डेव्हलपर ३८ अंशांना साधारण ६ मिनिटं असतो, दोन स्टॉप पुशला ११ मिनिटांच्या वर. वेळ वाढवला की चांदी कमी उरते, रंग कमी तयार होतो, स्लाइड उजळते. जिथे थोडातरी उजेड पोचलाय तिथे याचा उपयोग होतो. घाटावरच्या माणसांच्या चेहऱ्यापर्यंत उजेड पोचलाच नव्हता, तिथे उजळवायला काहीच नव्हतं. उलट जास्त वेळात उजेड न लागलेली चांदीही थोडी डेव्हलप होते, म्हणून काळा पातळ पडतो, ग्रेन (चित्रातले रवाळ ठिपके) आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. तुमच्या कॅमेऱ्याच्या मीटरला समोर पेटलेल्या ज्योती दिसत होत्या. त्याने त्यांचाच हिशेब धरला असावा. दीड स्टॉपवर थांबलो असतो तर काळा जास्त राखता आला असता. ते चेहरे मात्र तेव्हाही आले नसते.

नारिंगी रंगाचंही सांगतो. ही फिल्म दिवसाच्या उजेडासाठी, सुमारे ५५०० केल्विनसाठी बनलेली (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड नारिंगी). तेलाचा दिवा २००० च्या आसपास. निळ्या उजेडाला जागणाऱ्या थराला दिव्याकडून फारच थोडं मिळतं, ती तूट पुशने भरून येत नाही. निळा फिल्टर लावावा तर तोच दोन स्टॉप खातो. खरं सांगायचं तर दिव्यांच्या रात्री तो नारिंगी मला आवडतो, पण तो येणार हे तुम्हाला आम्ही आधी सांगायला हवं होतं.

पुढच्या कार्तिकात थोडं लवकर या, आकाशात निळसर उजेड असतानाच. मीटर चेहऱ्यावर धरा. घाट, देऊळ अशा न हलणाऱ्या गोष्टींना ट्रायपॉड लावा आणि पुश विसरा: लांब एक्स्पोजरला बऱ्याच फिल्मना मीटरपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, प्रोव्हियाला १२८ सेकंदांपर्यंत तो लागत नाही. नौका हलतात, तिथे ते जमणार नाही. अंधारातली माणसंच हवी असतील तर ८०० आयएसओची (जास्त संवेदनशील) कलर निगेटिव्ह फिल्म घाला. तिला चूक बरीच पचते, स्लाइडला अर्धा स्टॉपही जड जातो.

पुशचे जादा पैसे आज परत करतोय. दोन्ही रोल ऑटो बंद करून, काळा काळाच ठेवून पुन्हा स्कॅन करतो, त्याचे पैसे नाहीत. पुढच्या पुश रोलची क्लिप टेस्टही आमच्याकडून.

पट्ट्या अजून कापलेल्या नाहीत. एकदा दुकानात या, भिंग डोळ्याला लावून त्या नौका बघा, कुठल्या फ्रेम माउंट करायच्या ते तुम्ही सांगा, मगच कात्री लावतो.