‘मोठे डॉक्टर येईपर्यंत थांबा’ म्हणे!

परवा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आत्याचा फोन. अण्णांचं तोंड वाकडं झालंय, डावा हात उचलत नाही, आणि सरकारी रुग्णालयातली ‘एक पोरगी’ सीटी स्कॅन करा म्हणून मागे लागलीय. म्हटलं, मग अजून केला का नाहीस? तर म्हणे, ती शिकाऊ आहे, मोठ्या डॉक्टरांना बोलवा म्हणून आम्ही अडून बसलोय. हे खूळ आलं कुठून, तर घरच्या ग्रुपवरच्या मेसेजमधून. ‘सरकारी दवाखान्यात जाण्यापूर्वी हे वाचा’, खाली चार मुद्दे, शेवटी जोडलेले हात. मी फोनवर ओरडले तेव्हा सीटी झाला. पण मधली चाळीस मिनिटं गेली ती गेलीच.

मी स्वतः एमडी मेडिसिन केलंय, तीन वर्षं अशाच एका कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, काढलीत. तेव्हा चिडून लिहितेय, हे आधीच सांगून टाकते.

पहिला मुद्दा : ‘निवासी डॉक्टर म्हणजे विद्यार्थी, त्यांना पदवी मिळालेली नसते.’ खोटं. साडेचार वर्षांचं एमबीबीएस, एक वर्षाची इंटर्नशिप, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, वर नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, एवढं झाल्यावर माणूस जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, होतो. शिकत असतो तो फिजिशियन, म्हणजे मेडिसिनचा तज्ज्ञ, व्हायला. डॉक्टर तो आधीच असतो. यावर याहून जास्त शाई नको.

दुसरा मुद्दा, ज्यानं आमचे अण्णा गोत्यात आले : ‘रात्री यांच्याकडून काहीही करून घेऊ नका. सकाळी मोठे डॉक्टर येईपर्यंत थांबा, तो तुमचा हक्क आहे.’

ज्यानं हे लिहिलं त्यानं मेडिसिनचा वॉर्ड रात्रीचा कधी पाहिलेला नाही. विभागाची युनिटं, म्हणजे डॉक्टरांचे गट, असतात आणि साधारणपणे प्रत्येक युनिटला आठवड्यातला एक वार इमर्जन्सीचा. त्या सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत येईल तो पेशंट त्या युनिटचा. पेशंटला पहिला हात लावतो जेआर वन. त्याचं जेआर टू किंवा थ्री पुन्हा तपासतो. अडलं तर एमडी झालेला सीनियर रेसिडेंट, आणि तो लेक्चररला फोन लावतो. म्हणजे ज्या मोठ्या डॉक्टरांसाठी तुम्ही अडून बसता, त्यांच्यापर्यंत तुमचा पेशंट पोचतो तो याच पोरांच्या हातून. ती पोरगी सीटी मागत होती, कारण सीटीशिवाय तिच्या वरच्यांना सांगायला तिच्याकडे काही नव्हतं. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही, प्रोफेसरलाही नाही. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास दवाखान्यात पोचल्यापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून ती आत्याला पुन्हा पुन्हा विचारत होती, ‘आजोबा शेवटचे नीट कधी बोलले?’ आत्याला वाटलं, हिला काही कळत नाही म्हणून हीच विचारतेय.

आणि हे फक्त लकव्याचं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात साप चावलेला माणूस येतो. जेआर वन त्याचं थोडं रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घेतो, वीस मिनिटं नळी न हलवता ठेवतो, मग तिरकी करतो. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय, प्रतिविष सुरू करा. मशीन लागत नाही, प्रोफेसर लागत नाही. घड्याळ लागतं आणि जागा असलेला माणूस लागतो. फवारणीचं औषध प्यालेला शेतकरी आला तर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जायचं, छातीतली घरघर थांबेपर्यंत. दर वेळी स्टेथो लावायचा, बाहुल्या बघायच्या, नाडी बघायची. हे काम रात्रभर खाटेपाशी बसून कोण करतं? ‘सकाळी मोठे डॉक्टर’ येतात तेव्हा तो पेशंट एक तर वाचलेला असतो, नाहीतर नसतो.

हक्काचंच म्हणाल तर विचारायचा हक्क आहे. तुम्ही कितव्या वर्षाला, वरच्यांना कळवलंय का, हे खुशाल विचारा, नीट उत्तर मिळालं पाहिजे. पण विचारणं वेगळं आणि उपचार अडवून धरणं वेगळं.

तिसरा मुद्दा : ‘हे लोक सलग 36 तास जागे असतात, म्हणून चुका करतात.’ आता इथे माझी पंचाईत आहे, कारण हे अर्धं खरं आहे. इमर्जन्सीची रात्र संपली की सुटका नसते. सकाळी पोस्ट-इमर्जन्सी राऊंड, मग रिपोर्ट, रेफरन्स, डिस्चार्ज कार्डं. खोलीवर जायला संध्याकाळ. तिसाव्या तासाला मी एकाच केसपेपरवर तीच नोंद दोनदा लिहिलीय.

पण हे नियमात बसत नाही. केंद्राच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्युटी सहसा बारा तासांवर जाऊ नये आणि आठवडा साधारण 48 तासांचा असावा, असं लिहिलेलं आहे. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यांच्या पाहणीत 5,337 पदव्युत्तर विद्यार्थी होते. सुमारे 45 टक्के जण आठवड्याला 60 तासांहून जास्त काम करत होते आणि निम्म्याहून अधिकांना साप्ताहिक सुट्टी नियमित मिळत नव्हती. शिफारस 74 तासांची मर्यादा घालण्याची : एक चोवीस तासांची ड्युटी, पाच दिवस दहा-दहा तास, एक दिवस पूर्ण सुट्टी. म्हणजे सुधारणा सुचवतानाही 48 वरून 74 वर आलो! आणि आमचेच काही ज्येष्ठ म्हणणार, ‘आम्ही नाही का केलं?’ केलंत सर. मीही केलं. त्या तिसाव्या तासाचा पेशंट मात्र कुणी व्हायला तयार नसतं.

तेव्हा मेसेजवाल्याचं एवढंच मान्य. पण थकलेल्या डॉक्टरला उपाय म्हणजे जास्त डॉक्टर आणि कमी तास. पेशंटला सकाळपर्यंत तसाच ठेवणं हा कसला उपाय?

चौथा मुद्दा, ‘तीन महिने गावाकडे मजा, फुकट पगार आणि वर संप.’ ते तीन महिने म्हणजे जिल्हा निवासी कार्यक्रम. एमडीच्या तिसऱ्या ते पाचव्या सत्रात जिल्ह्याच्या रुग्णालयात काम करावं लागतं, ते केल्याशिवाय अंतिम परीक्षा नाही. विद्यावेतन मिळतं ते वॉर्ड चालवल्याचं. प्रबंध, लॉगबुक, सेमिनार त्याच तासांत बसवायचे. संपाबद्दल मतभेद असू शकतात, माझेही आहेत.

अण्णांना इंजेक्शन मिळालं, वेळेच्या अगदी काठावर. हात आता खांद्यापर्यंत येतो, शर्टाचं बटण अजून लागत नाही. ती चाळीस मिनिटं वाचली असती तर लागलं असतं का, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी पोचले, तेव्हा तीच मुलगी त्याच कपड्यांत अण्णांचा बीपी घेत होती.

आत्या, तो मेसेज तू पुढे अकरा जणांना पाठवलायस, मी मोजलेत. हाही त्याच अकरा जणांना पाठव.