मिटवून टाका ना, काका!

सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला मागून कोणी ठोकलं आणि मनात कोर्टकचेरीचे विचार यायला लागले, तर आधी घोटभर पाणी प्या. गेल्या आठवड्यात पुण्यात नळ स्टॉपच्या चौकात मी प्यायलो नाही, म्हणून हे लिहायची वेळ आली.

सर्वप्रथम, चूक तुमचीच आहे हे मान्य करा. सिग्नल लाल झाला म्हणून तुम्ही थांबलात. का थांबलात? मागच्या पांढऱ्या गाडीतून उतरलेल्या पोरानेही मला हेच विचारलं, "काका, असं एकदम कोण थांबतं?" कानाला फोन तसाच. पलीकडच्या माणसाला म्हणाला, "एक मिनिट हं, छोटंसं लागलंय."

फोटो काढू नका. समोरच्याला वाईट वाटतं.

चौकीत जायचंच असेल तर जेवून जा. पहिला प्रश्न, "कुणाला लागलंय का?" लागलं नसेल तर जरा ओशाळा चेहरा करा, निदान मान तरी अवघडायला हवी होती. दुसरा प्रश्न हद्दीचा. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ तर तोंडातून काढूच नका. बेदरकार गाडी चालवल्याबद्दल त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. हजार! माझा टेललॅम्प हजारात येत नाही.

खरं मार्गदर्शन सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तेही फुकट. "तुमच्या इन्शुरन्समधून करून घ्या की!" घ्या ना. पाच वर्षं एकही क्लेम न करता जमवलेला पन्नास टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जाईल, जाऊ द्या. बंपर प्लास्टिकचा, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घेतलेलं नसेल तर त्याची निम्मी किंमत घसाऱ्यात जाईल, तीही जाऊ द्या. वर प्रत्येक क्लेममधली, आपल्याच खिशातून जाणारी सक्तीची कपात आहेच. गाडी चार दिवस गॅरेजात, रोज ऑफिसला रिक्षा, रिक्षावाला मीटरवर येईल ही आशा, सगळंच जाऊ द्या. पण ठोकणाऱ्याचं काय गेलं? थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा केलाय तो कशासाठी, पीयूसीवाल्याला दाखवायला? दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी त्यात साडेसात लाखांपर्यंतची सोय असते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणही फक्त हातपाय मोडलेल्यांसाठी नाही, फुटलेल्या टेललॅम्पचा दावाही तिथे लावता येतो. हे मला एका वकिलानेच सांगितलं आणि त्याच दमात म्हणाला, "पण अठरा हजारांच्या दुरुस्तीखर्चासाठी? माझी फी धरलीत का त्यात?" मग शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये वगैरे. पायरी न चढणाऱ्या शहाण्यांचं हे शहर आहे हे त्या पोराला पाठ आहे, म्हणून तर त्याने कानाचा फोन काढला नाही!

दाव्याची मुदत सहा महिने. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत ती घातली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तेवढ्यात डोकं थंड होतंच.

साक्षीदार शोधू नका.

कारण सापडत नाहीत. माझ्या मागे सात-आठ गाड्या होत्या. काचा खाली झाल्या त्या "बाजूला घ्या ना!" ओरडायला. एका गाडीत डॅशकॅम होता, समोरच्या काचेवर दिवा लुकलुकत होता. फक्त क्लिप मागितली, तर गृहस्थ म्हणाले, "मला यात पाडू नका." अहो, कशात पाडतोय? तो कॅमेरा काय शोभेला लावलाय? उद्या तुमची डिकी आत जाईल तेव्हा याच चौकात येऊन लोकांच्या काचा ठोठवाल ना? तेव्हा आम्ही हॉर्न वाजवायचा का? स्वतःच्या गाडीला ओरखडा आला की आठवडाभर झोप नाही, आणि दुसऱ्याचा बंपर फुटला की "मिटवून टाका". लाज वाटायला हवी.

आणि तू रे, पांढऱ्या गाडीवाल्या. न मागता जीपे केलेले तुझे पाचशे परत पाठवलेत. पॉलिसीचा कागद पाठव.