पेनल्टी अजून घ्यायचीय आणि खाली गोल झालासुद्धा

आज पुन्हा तेच. पडद्यावर खेळाडू चेंडू ठेवून चार पावलं मागे सरकतोय आणि खालच्या मजल्यावरून "गोऽऽल!" खाली साधी डिश. आमच्याकडे वर फायबरचं इंटरनेट, स्मार्ट टीव्हीवर स्ट्रीमिंग, सगळा थाटमाट. तरी लोकांचं पालुपद आहेच, स्ट्रीमिंग आलं, आता जुना टीव्ही मेला म्हणून.

त्यावर कुणी "नेट स्लो असेल" म्हणालं की डोकंच फिरतं. अहो, लाइन १०० एमबीपीएसची घ्या नाहीतर १०००ची, त्या आरोळीत फरक पडणार नाही. स्ट्रीमिंगमध्ये थेट चित्राचे तुकडे पाडतात, बहुतेकदा ६-६ सेकंदांचे. तुकडा पूर्ण भरल्याशिवाय पुढे जात नाही आणि प्लेअर, म्हणजे चित्र दाखवणारं ॲप, असे तीनेक तुकडे हाताशी जमवून मगच दाखवायला लागतो. १८ सेकंद तिथेच गेले. त्याआधी एकाच चित्राच्या चार-पाच दर्जांच्या आवृत्त्या काढायच्या, त्या मधल्या सर्व्हरांवर पोचवायच्या. पंचवीस-तीस सेकंद सहज होतात. उलट उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असूनही सिग्नल वर जाऊन खाली यायला लागतो फक्त पाव सेकंद! एन्कोडिंगचे, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याचे, काही सेकंद डिशलाही लागतात म्हणा. पण तेवढ्यात पेनल्टी होऊन खेळाडू मिठ्या मारत नाहीत.

आणि खरी मेख पुढेच आहे. डिशचा सिग्नल एकच, तो दहा घरांनी घेतला काय नि दहा लाख घरांनी घेतला काय, उपग्रहाला पत्ताही नसतो. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक प्रेक्षकाला वेगळा प्रवाह द्यावा लागतो. ५ एमबीपीएस गुणिले १० लाख माणसं म्हणजे ५ टेराबिट, दर सेकंदाला. म्हणून ऐन पेनल्टीच्या वेळी चित्र गढूळ होतं, जर्सीवरचा नंबर वाचता येत नाही. तो बिघाड नसतो, प्लेअर मुद्दाम खालच्या दर्जावर उतरलेला असतो, नाहीतर लोडिंगचं चाक फिरत बसलं असतं. एकाने बोलायचं आणि लाखोंनी एकाच क्षणी ऐकायचं, हे काम प्रसारणाचंच.

बरं, मालिका, सिनेमा, जुने कार्यक्रम यात टीव्ही हरला. हवं तेव्हा बघा, थांबवा, सबटायटल लावा. त्यावर वाद नाही. आणि हो, स्ट्रीमिंगचा विलंब कमी करणारं तंत्र काही वर्षांपासून आहे, दोन-पाच सेकंदांवर आणतं. पण हाताशी साठाच कमी, त्यामुळे वायफायने जरा उचकी दिली की चित्र थिजलं.

असो, चिडून काय होणार. स्ट्रीमिंगवरच बघणार असाल तर निदान एवढं करा. टीव्हीला राउटरपासून लॅनची वायर द्या. टीव्हीचं पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसचंच असतं, घाबरू नका, फोर-के प्रवाहालाही साधारण १५ ते २५ लागतात. वायर नकोच असेल तर वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सोडून ५ गिगाहर्ट्झवर जा, मात्र मध्ये दोन भिंती आल्या की तेही गळपटतं. चाक जितके सेकंद फिरतं तितके तुम्ही आणखी मागे पडता, आणि बरेच प्लेअर ते अंतर आपणहून भरून काढत नाहीत. तेव्हा मध्यंतरात "लाइव्ह" बटण दाबा. तेवढ्याने भागलं नाही तर ॲप पूर्ण बंद करून उघडा. पाणी प्यायला पॉझ केलंत तरी हेच.

स्कोअरच्या ॲपची नोटिफिकेशन्स बंद ठेवा, ती चित्राच्या आधी पोचतात. फोन पालथा ठेवा, ग्रुपवर शहाणे असतातच.

खालच्या आरोळीला मात्र सेटिंग नाही. खिडकी लावून बघा.