गच्चीचे पाणी ड्रेनेजमध्ये सोडण्याच्या सल्ल्याला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला फिरू लागतो. गच्चीचे पाणी आवारात तुंबू देण्यापेक्षा सरळ ड्रेनेजच्या, म्हणजे सांडपाण्याच्या, चेंबरमध्ये सोडावे. पावसाचे पाणी स्वच्छ असल्याने त्याने नुकसान होत नाही, उलट लाईन धुऊन निघते. लंडनमध्येही सांडपाणी आणि पावसाचे पाणी या दोन्हींना एकच वाहिनी आहे. आणि तरीही लाईन भरली तर महापालिकेने मोठे पाइप टाकावेत, असा त्याचा आशय असतो. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, परंतु तो पाळला गेला की मुंबईत त्याचे परिणाम तळमजल्यावरच्या कुटुंबांना भोगावे लागतात, म्हणून त्याचा मुद्देसूद विचार करणे आवश्यक आहे.

पाणी स्वच्छ आहे हे मान्य केले, तरी ते किती आहे याचा संदेशात कुठेच उल्लेख नसतो. मुंबईत मलनिःसारण वाहिन्या आणि पर्जन्यजल वाहिन्या या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत, आणि पहिलीचा आकार मुख्यतः माणसांच्या पाणीवापरावरून ठरतो. वीस सदनिकांची एक इमारत घ्या. घरटी चार माणसे, माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी, असे रूढ प्रमाण धरले तर दिवसाला 8,640 लिटर, म्हणजे ताशी सरासरी 360 लिटर सांडपाणी होते. सकाळच्या गर्दीसाठी तिप्पट धरले तरी तासाला 1,080 लिटर. याच इमारतीची गच्ची 400 चौरस मीटर असेल आणि तासाभरात 25 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका तासात 10,000 लिटर पाणी खाली येते. मुंबईसाठी असा पाऊस मुळीच दुर्मीळ नाही. शहराच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या याच वेगाच्या पावसासाठी बांधल्या होत्या आणि पुढे 50 मिलिमीटरचे उद्दिष्ट ठेवावे लागले. मलवाहिनीवर मात्र एकाच गच्चीमुळे कमाल अपेक्षेच्या नऊ-दहा पट भार येतो, आणि त्या रस्त्यावरच्या आणखी चार इमारतींनी तेच केले तर हिशेब करण्याचीही गरज उरत नाही.

लाईन धुऊन निघते, हा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे. प्रत्यक्षात मुंबईची जमीन सपाट असल्यामुळे मलजल ठिकठिकाणच्या उदंचन केंद्रांतून पंपाने पुढे न्यावे लागते, आणि पंपांची क्षमता ठरलेली असते. त्याहून जास्त पाणी आले की ते वाहिनीतच मागे साठत जाते, वेग मंदावतो आणि गच्चीवरून आलेली वाळू व माती तळाशी बसते. मग पाणी सर्वात खालचे तोंड शोधते. तळमजल्याच्या नहाणीच्या जाळीतून आधी बुडबुडे येतात, मग काळपट पाणी वर येऊन लादीवर पसरते, आणि वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की त्याची पातळी आणखी वाढते. प्रक्रिया केंद्रातही पातळ मलजल सोयीचे नसते, कारण सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू ज्या गाळात वाढवलेले असतात, तो गाळच जोरदार प्रवाहाबरोबर बाहेर वाहून जाऊ शकतो.

लंडनचे उदाहरण तर सल्ल्याच्या विरुद्धच जाते. 1858 च्या दुर्गंधीच्या संकटानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी उभारलेल्या व्यवस्थेत सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकत्र वाहते हे खरे आहे. पण जोराच्या पावसात हेच मिश्रण थेम्स नदीत सांडत राहिले, आणि ते अडवण्यासाठी त्या शहराला सुमारे 25 किलोमीटर लांबीचा नवा बोगदा खणावा लागला, जो 2025 मध्ये पूर्णपणे जोडला गेला.

मोठे पाइप टाकण्याच्या मागणीत एक तांत्रिक अडचण आहे. मलवाहिनीत घाण बसू नये यासाठी पाण्याला सेकंदाला साधारण 0.6 मीटर वेग लागतो. पावसाच्या हिशेबाने पाइप मोठा केला, तर उरलेले आठ महिने त्यात पाण्याचा जेमतेम पातळ थर वाहील आणि वाहिनी गाळाने भरेल.

शिवाय सगळे पाणी गच्चीवरून येत नाही. पावसाळ्यात भूजल वर चढले की चिनी मातीच्या जुन्या पाइपांचे सुटलेले सांधे, झाडांच्या मुळांनी फोडलेल्या जागा आणि विटांच्या मॅनहोलच्या भिंती यांतून ते आत झिरपते. उन्हाळ्यात भूजल खाली गेले की त्याच भेगांतून मलजल बाहेर पडते आणि जवळच्या पिण्याच्या पाण्याच्या लाईनला धोका होतो. अशी जागा शोधण्यासाठी रात्री दोन ते चारच्या दरम्यान, वापर अगदी कमी असताना, प्रवाह मोजतात, पाइपात कॅमेरा सोडतात आणि रस्ता न खोदता आतून अस्तर चढवतात. हे काम महापालिकेचेच आहे आणि नागरिकांनी त्याचा आग्रह धरला पाहिजे. अनेक वस्त्यांचे सांडपाणी आजही नाल्यांत जाते, म्हणजे दोन व्यवस्थांचे वेगळेपण प्रशासनाकडूनही पूर्ण पाळले गेलेले नाही, हेही मान्य करावे लागेल.

रस्त्यावर पाणी साचले की मॅनहोलचे झाकण काढण्याचा सल्ला याच संदेशाला जोडलेला असतो. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईतील एक नामांकित डॉक्टर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले, हे ठाऊक असताना तो कोणीही पुढे पाठवू नये.

सोसायटीच्या हद्दीतले जोड मात्र सोसायटीनेच तपासायचे आहेत. मे महिन्यात गच्चीवरच्या पावसाळी पाइपात बादलीभर पाण्यात निरुपद्रवी रंग मिसळून ओतावा आणि त्याच वेळी एकाने खाली ड्रेनेजच्या चेंबरवर लक्ष ठेवावे. रंगीत पाणी तिथे दिसले, तर तो जोड तोडून पाइप पर्जन्यजल वाहिनीला, टाकीला किंवा शोषखड्ड्याला जोडावा. चेंबरचे काठ आवाराच्या पातळीपेक्षा थोडे वर उचलावेत आणि तडे गेलेली झाकणे पहिल्या पावसाआधी बदलावीत.