वजा दहा

वाद नेहमीप्रमाणे वकिलानेच उकरून काढला. बापू एवढंच म्हणाला होता की, वडील मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले म्हणून डॉक्टरांनी त्याला कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, करून घ्यायला सांगितलंय.

"तुला काही त्रास आहे?"

"नाही."

"मग? धडधाकट माणसाला टेबलावर आडवं पाडायचे धंदे आहेत सगळे."

कंपाउंडर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तो खरा एंडोस्कोपी विभागातला टेक्निशियन, पण कट्ट्यावर बढती मिळत नाही. मान वर न करता म्हणाला, "त्रास झाला की माणूस आपण होऊन येतोच. ही तपासणी त्रास नसणाऱ्यांचीच आहे. पॉलिप दुखत नाही. आतड्याच्या अस्तरावर कोंब फुटावा तसा येतो. बरेचसे तसेच राहतात, थोडे कॅन्सरकडे जातात, आणि त्याला बहुतेक वेळा दहाएक वर्षं लागतात. तेवढ्यात दिसला तर तिथल्या तिथे वायरचा फास टाकून काढता येतो. नुसता कॅन्सर शोधायचा नाहीये, होऊच द्यायचा नाहीये."

"पण वय काय याचं! बेचाळीस."

"तेच तर," कंपाउंडर म्हणाला. "आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यातल्या कोणाला साठीच्या आत झाला असेल, तर चाळिशीला सुरुवात करायची. नाहीतर त्या माणसाच्या वयातून दहा वजा करायचे. दोन्हीतलं जे आधी येईल ते. मग दर पाच वर्षांनी. अमेरिकेतल्या तज्ज्ञांचा नियम आहे, दुसरीकडे वयं थोडी मागेपुढे होतात."

आकडा दिसला की मास्तरला राहवत नाही. "काका किती वर्षांचे होते रे?"

"एक्कावन्न."

"वजा दहा, एक्केचाळीस. त्याआधी चाळीस येतात. म्हणजे दोनच वर्षं उशीर."

"थांब," कंपाउंडरने आता मोबाइल खाली ठेवला. "एक्कावन्न हे गेले तेव्हाचं वय की निदान झालं तेव्हाचं?"

बापू गप्प. मग हिशेब लावू लागला. नोकरीला लागला त्या वर्षी बाबा गेले. ऑपरेशन मात्र तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना झालं होतं. म्हणजे अठ्ठेचाळीस. मास्तरने उत्तर पुसून नवीन मांडलं: अडतीस. उशीर दोनाचा चार वर्षांवर गेला. बापूची ताई त्याच्याहून मोठी, म्हणजे तिचा आणखी जास्त. तिला कोणी काही सांगितलेलंच नाही. घराघरांतून माणूस गेल्याचं वय पाठ असतं, रोग कधी पकडला ते कोणी लक्षात ठेवत नाही, आणि इथे नेमकं तेच लागतं.

"आणि ऑपरेशनच्या आधी दोन-तीन वर्षं बाबा मूळव्याधीचं औषध घेत होते," बापू म्हणाला.

यावर कोणी फार बोललं नाही. कंपाउंडर एवढंच म्हणाला, की शौचातून रक्त जात असेल तर वय, घराणं, नियम काही बघत बसायचं नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं. मूळव्याध असली तरी वर आणखी काही नसेल असं थोडंच आहे?

वकील हार मानणाऱ्यातला नाही. त्याने २०२२ चा युरोपातला अभ्यास काढला. पोलंड, नॉर्वे, स्वीडन, चौऱ्याऐंशी हजारांवर माणसं. कोलोनोस्कोपीला बोलावलेल्यांत दहा वर्षांनी कॅन्सर फक्त १८ टक्क्यांनी कमी, आणि मृत्यूंमध्ये ठोस फरक नाही. "आता बोला!"

मास्तर बोलला. "बोलावलेल्यांत. आलेल्यांत नाही. बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच आले होते. आलेल्यांचा वेगळा हिशेब मांडला तर घट साधारण ३१ टक्क्यांची निघते. आणि ती ५५ ते ६४ वयाची सर्वसाधारण माणसं होती, घरात कॅन्सर झालेल्यांची वेगळी निवडलेली नव्हती." वकील बातमीचा मथळा पूर्ण वाचतो, बातमी अर्धी. पण हा अभ्यास त्याने कुठूनसा शोधून आणला, त्याचं मला कौतुकच वाटलं.

त्याचा दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटला. अमेरिकेत आयुष्यभरात हा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ४ टक्के धरतात, जवळच्या नातेवाइकाला झाला असेल तर ती दुप्पट होते. "दुप्पट म्हणजे आठ. शंभरातल्या ब्याण्णव जणांना काहीच होणार नाही, त्यांनी नळी का घालून घ्यायची? आतडं फाटतं कधीकधी."

"फाटतं," कंपाउंडरने मान्य केलं. "हजारात एकापेक्षाही कमी वेळा, पण फाटतं. पॉलिप काढला तर रक्तस्राव त्यापेक्षा जास्त वेळा होतो. म्हणून तर सगळ्यांना एकच माप लावत नाहीत. वडिलांना सत्तरीत झाला असता आणि घरात दुसरं कोणी नसतं, तर चाळिशीला सुरुवात करायची पण साधी शौचातल्या रक्ताची चाचणी केली तरी चालतं. दूरच्या एखाद्या चुलत्याला उतारवयात झाला, तर आपण इतर चार जणांसारखेच. बापूचं तसं नाही. तरी तो कोलोनोस्कोपीला नाहीच म्हणाला, तर दरवर्षी शौचाची चाचणी कर म्हणून सांगतीलच. अजिबात काही न करण्यापेक्षा बरं."

बापूची अडचण मात्र टक्केवारीत नव्हतीच. "लाज वाटते रे," तो म्हणाला. "सगळे बघणार."

"कोण बघतंय? सगळे स्क्रीनकडे बघतात," कंपाउंडर म्हणाला. "डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, अंगावर चादर. गुंगीचं इंजेक्शन देतात, बऱ्याच जणांना नंतर काही आठवत नाही. नळी आधी थेट टोकापर्यंत नेतात, जिथे अपेंडिक्सचं तोंड दिसतं तिथवर. खरं बघणं परत येताना, हळूहळू, एकेक घडी उलगडत. निदान सहा मिनिटं तरी त्यात जायला हवीत. घाईत बाहेर आलं की पॉलिप निसटतो. खरा ताप आदल्या रात्रीचा. पोट साफ करायचं औषध अर्धं रात्री, अर्धं पहाटे. लोक पहाटेचं टाळतात आणि आम्हाला आत चिखल दिसतो. शेवटी पिवळसर, भांड्याचा तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी आलं पाहिजे. आणि लोहाच्या गोळ्या, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर आधीच सांगायचं."

हे चाललेलं असताना बापू सहज बोलून गेला, की आत्याचंही शेहेचाळिसाव्या वर्षी गर्भाशय काढलं होतं.

"कशासाठी?" कंपाउंडर एकदम सरसावून बसला.

"माहीत नाही. घरात नुसतं 'काढलं' एवढंच म्हणतात."

मग मास्तरला त्याची आवडती गोष्ट सांगायची संधी मिळाली. १८९५ साल, मिशिगन. शिवणकाम करणारी एक बाई ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरला म्हणाली, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनेच जातात, मीही तशीच जाणार. पुढे ती गर्भाशयाच्याच कॅन्सरने गेली. वॉर्थिनने त्या घराण्याची वंशावळ लिहून काढली, १९१३ मध्ये छापली. पुढे हेन्री लिंच या डॉक्टरने अशी आणखी घराणी शोधली, म्हणून लिंच सिंड्रोम: पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा जनुकातला बिघाड, ज्यात आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर एकाच घरात दिसतो. बिघडलेले जनुक सापडायला १९९३-९४ साल उजाडलं.

"तो बिघाड पालकाकडून मुलात यायची शक्यता निम्मी," कंपाउंडर म्हणाला. "तसं असेल तर वजा दहाचा हिशेब पुरत नाही. विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. जनुकाची तपासणीही आधी आत्याची करायची, तुझी नाही. ज्याला कॅन्सर झाला त्याच्यात बिघाड सापडला, तर बाकीच्यांनी नेमकं काय शोधायचं ते कळतं. आधी तिचा बायॉप्सीचा रिपोर्ट माग. काकांचाही बघ, नमुना लॅबमध्ये जपलेला असला तर त्यावरही तपासणी होते."

"आणि आत्याला नुसत्या गाठी असल्या, कॅन्सर नसलाच तर?" वकिलाने विचारलं.

"मग पुन्हा अडतीस."

"म्हणजे काही झालं तरी कोलोनोस्कोपी आहेच."

"आहेच."

"आणि ते पहाटेचं औषध?" बापूने विचारलं.

"तेही."