आजारानं टाउन्सची गाणी लिहिली नाहीत

टेक्ससचा गायक-गीतकार टाउन्स व्हॅन झँट (1944–1997) याच्याबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे पाठवली जाते. ती थोडक्यात अशी: तेलाच्या पैशातल्या घरातला मुलगा, डॉक्टरांनी विजेचे शॉक देऊन त्याची स्मृती पुसली आणि त्या पोकळीतून गाणी आली, पुढे दारूनं ती त्याच्याकडून लिहून घेतली, जिवंतपणी कुणी विचारलं नाही, शेवटी पिऊन पिऊन गेला. घर खरंच सधन होतं. बाकीची विधानं चूक आहेत किंवा अर्धवट आहेत, आणि ती कुणी तरुण, आजारी गाणारा वाचत असेल तर धोक्याचीही आहेत.

पहिलं, विजेचे शॉक. 1964 मध्ये टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात मानसिक आजारावरचा उपचार म्हणून त्याला तीन महिने जे दिलं गेलं ते इन्सुलिन होतं. या उपचारात रुग्णाला सकाळी उपाशीपोटी इन्सुलिन टोचायचे, मात्रा दिवसागणिक वाढवायचे. रक्तातली साखर इतकी उतरवायची की माणूस कोमात जावा, मग नाकातल्या नळीतून किंवा शिरेतून साखरेचं पाणी देऊन त्याला परत आणायचं. आठवड्याचे पाच-सहा दिवस, कित्येक आठवडे हेच. मेंदू चालतो साखरेवर. ती तोडली की झटके येतात, स्मृती जाते, काही रुग्ण कोमातून परतही आले नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ मॅनफ्रेड साकेलची ही पद्धत 1930च्या दशकात युरोपभर पसरली होती. पण 1957 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका चाचणीचे निष्कर्ष आले: एका गटाला इन्सुलिनचा कोमा, दुसऱ्याला बार्बिट्युरेट या गुंगीच्या औषधाची झोप, आणि परिणामात फरक नाही. म्हणजे टाउन्सला ते देण्याच्या सात वर्षं आधीच त्या उपचाराचा पाया ढासळला होता. त्याच्या लहानपणच्या बऱ्याचशा आठवणी त्यात गेल्या. संमती दिल्याची खंत आईला जन्मभर राहिली. याला प्रतिभेचा उगम म्हणणं क्रूर आहे.

आता ती पोकळी. एल्व्हिसला टीव्हीवर पाहून त्यानं गिटार मागितली आणि 1956च्या नाताळात वडिलांनी ती दिली. गिटार हॉस्पिटलच्या आठ वर्षं आधीची आहे. नंतर ह्यूस्टनमध्ये त्यानं ब्लूज गायक-गिटारवादक लाइटनिन हॉपकिन्सचं वादन जवळून ऐकलं, अभ्यासलं. अंगठा मंद्र तारांवर ठेका न सोडता चालतो, बोटं वरच्या तारांवर मधल्या जागा भरतात आणि आवाज त्या दोन्हींच्या जरा मागून येतो. अंगठा आपोआप चालू लागेपर्यंत घासावं लागतं. एरवी गाऊ लागताच ठेका पळतो.

डाकू पँचो आणि लेफ्टी यांच्यावरच्या ‘पँचो अँड लेफ्टी’ या त्याच्या गाजलेल्या गाण्याचीच बांधणी पाहा. सुरुवात ‘तू’ला उद्देशून, पँचो दुसऱ्या कडव्यात येतो, लेफ्टी त्याच्याही नंतर. लेफ्टीनं दगा दिला असं गाण्यात कुठेही म्हटलेलं नाही. पँचो मारला गेला त्याच दिवशी लेफ्टी ओहायोला निघाला आणि पैसे कुठून आले कुणास ठाऊक, एवढंच. ध्रुवपदात आधी ‘सगळे’ शिपाई म्हणतात की आम्ही त्याला केव्हाही पकडलं असतं. शेवटी तेच वाक्य ‘केस पिकलेले थोडेच’ शिपाई म्हणतात. दोन-तीन शब्द बदलले आणि मधली वर्षं सरली. हे कारागिराचं काम आहे. पहिल्या अल्बममधला वाद्यांचा भरणा जड झाला होता, म्हणून त्यातली काही गाणी त्यानं 1969च्या तिसऱ्या अल्बमसाठी साध्या साथीत पुन्हा गायली. झिंगेत वाहून जाणारा माणूस असं दुरुस्त करत बसत नाही.

‘दारूनं गाणी दिली.’ अल्बमची वर्षंच पुरेशी बोलतात. 1968 ते 1972 या पाच वर्षांत सहा. पुढचा स्टुडिओ अल्बम 1978 मध्ये, त्यानंतरचा 1987, मग 1994. प्रामाणिकपणे सांगायचं तर 1972 नंतरच्या त्या पहिल्या लांब विरामाला दारूखेरीज आणखी एक कारण होतं: 1974च्या सुमारास नॅशव्हिलला केलेलं ध्वनिमुद्रण पैशांच्या वादात अडकलं आणि थेट 1993 मध्ये बाहेर आलं. पण 1978च्या अल्बममधली बहुतेक गाणी त्याच अडकलेल्या टेपमधली होती. व्यसन जितकं वाढलं तितकं नवं गाणं दुर्मीळ झालं. पिण्याचे दिवस आणि लिहिण्याचे दिवस एकाच माणसाचे, म्हणून एकानं दुसऱ्याला जन्म दिला असं होत नाही. तो ऐन भरात कसा होता हे ऐकायचं असेल तर ह्यूस्टनच्या ओल्ड क्वार्टर या क्लबमधलं जुलै 1973चं ध्वनिमुद्रण ऐका: एक माणूस, एक गिटार, पंचवीसहून अधिक गाणी.

‘कुणी विचारलं नाही.’ स्वतःचे अल्बम फारसे खपले नाहीत, हे खरं. पण 1981 मध्ये एमिलू हॅरिस आणि डॉन विल्यम्सनी त्याचं एक गाणं अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर नेलं. 1983 मध्ये विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्डनी ‘पँचो अँड लेफ्टी’ पहिल्या क्रमांकावर नेलं. त्या वर्षी अमेरिकेत प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे एका गाण्याचा कायदेशीर दर सव्वाचार सेंट होता. त्या दरानं दहा लाख प्रतींचे 42,500 डॉलर होतात, आणि रिवाजानं त्यातला अर्धा वाटा प्रकाशकाचा. रेडिओचं मानधन वेगळं. श्रीमंती नव्हे, पण ‘कुणी विचारलं नाही’ हेही नव्हे.

शेवट. डिसेंबर 1996 मध्ये तो पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. असं हाड शक्यतो दोन दिवसांत बसवायचं असतं, कारण पडून राहिल्यानं रक्ताच्या गुठळ्या आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. तो आठवडाभर डॉक्टरकडे गेलाच नाही. व्हीलचेअरवरून मेम्फिसला ध्वनिमुद्रणाला गेला आणि ते काम सोडून द्यावं लागलं. मग नॅशव्हिलला शस्त्रक्रिया झाली. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्याच दिवशी थरथर सुरू होते, दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम आणि हृदयाच्या ठोक्यांची गडबड. हे औषधं आणि थायमिन (ब1 जीवनसत्त्व) देऊन, देखरेखीखाली निभावून न्यायचं असतं. डॉक्टरांना त्याला त्यासाठी ठेवून घ्यायचं होतं. घरच्यांनी त्याला घरी नेलं, आणि तिथे थरथर थांबावी म्हणून दारूच दिली गेली. 1 जानेवारी 1997 रोजी, वयाच्या 52व्या वर्षी, तो गेला. मृत्यूचं नोंदलेलं कारण हृदयाच्या ठोक्यांतली अनियमितता हे आहे. मेम्फिसला तो गाणी ध्वनिमुद्रित करायला गेला होता.